बारा सूर आणि उघड्या खिडक्या

काल संध्याकाळी मी एसी बंद केला. या मोसमात पहिल्यांदा.

कतारमध्ये ऋतू बदलल्याचं झाडं सांगत नाहीत, कारण झाडंच मुळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. इथे ऋतू बटणावर बदलतो. एप्रिलात घरोघरी एसी सुरू होतो आणि पुढे सहा-सात महिने घरघरत राहतो. इतका, की घरघर ऐकू येणंच थांबतं. माणसं नकळत मोठ्याने बोलायला लागतात, मोठ्याने भांडायला लागतात, आणि आपण ओरडतोय हे कुणाच्याच ध्यानात येत नाही. मग नोव्हेंबरात एखाद्या दिवशी कुणीतरी उठतं, बटण बंद करतं, आणि घर एकदम उघडं पडतं. नळ गळतोय. भिंतीवर घड्याळ आहे, त्याला आवाज आहे. शेजारच्या मल्याळी बाईंचं बाळ कशाला तरी खुदुखुदु हसतंय. आणि खिडकी उघडली की उत्तरेचा कोरडा, गार वारा. उन्हाळाभर दमट हवेत ओल्या टॉवेलसारख्या लटकलेल्या आपल्याला कुणीतरी पिळून वाळत घातल्यासारखं वाटतं.

दरवर्षी या दिवशी मला एक सूर ऐकू येतो. एकच. पियानोच्या मधल्या पट्टीचा. सुरुवातीला हळू, मग भराभर, मग इतका भराभर की सुटे ठोके उरतच नाहीत, सलग ताणलेली एक तार होते.

सात वर्षं झाली त्याला. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि मी वीस वर्षांची होते. आता सत्तावीस. तेव्हा जितकी चिडायचे तितकीच आजही चिडते, हे आधीच सांगून टाकते. वय वाढलं की माणूस निवळतो असं म्हणणाऱ्यांना मी ओळखते. त्यातले बरेचसे निवळत नाहीत, नुसते गप्प बसतात.

पुण्यात कॉलेजात असताना माझं शिक्षण कमी आणि पत्रकं जास्त झाली. वसतिगृहातल्या अळ्यांच्या भातावर पत्रक, मुलींना संध्याकाळी वाचनालयात बसू देत नाहीत म्हणून पत्रक. आमच्या गटात एक ताई होत्या, त्यांनी मला सतराव्या वर्षी शिकवलं होतं, "पहिल्या वाक्यात शिवी नको, शेवटच्या वाक्यात विनंती नको. आणि एका पत्रकात एकच मागणी." या तीन नियमांवर मी तीन वर्षं काढली. चौथं वर्ष परीक्षेलाच न बसल्यामुळे बुडालं, आणि बाबांनी तिकीट पाठवलं. आई नाशिकला, धाकट्या भावाच्या शाळेपायी अडकलेली. तेव्हा "वर्षभर माझ्यापाशी राहा, डोकं थंड होईल," असं बाबांचं पत्र.

डोकं थंड व्हायला त्यांनी मला कुठे बोलावलं, तर वाळवंटात.

गाव मेसईद, दोह्याच्या दक्षिणेला; तेव्हा सगळे त्याला उम सईद म्हणत. बाबा तिथल्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे मिठाने पांढरी पडलेली जमीन, मधे कारखान्यांच्या चिमण्या, आणि एका उंच नळीच्या टोकाला रात्रंदिवस जळणारी ज्वाळा. कंपनीची घरं ओळीने, एकसारखी. साहेबांची समुद्राकडे, इंजिनिअरांची मधे, आणि कामगारांचा कॅम्प पार मागे, रस्ता संपतो तिथे. कुणी आखलं होतं कोण जाणे, पण नकाशा बघूनही पगार कळावा अशी सोय होती. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाबांना हे म्हणाले. बाबा चहा ढवळत म्हणाले, "वृंदा, दोन दिवस तरी थांब ना." बाबा मुळातच नियम पाळणारे. ते रिकाम्या रस्त्यावरसुद्धा लाल दिव्याला थांबायचे आणि बाजूला बसलेल्या माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत.

त्या वसाहतीत एक क्लब होता आणि क्लबाच्या हॉलमध्ये एक काळा, मोठा पियानो. कुणा जुन्या साहेबाने आणवला आणि जाताना तसाच सोडला. त्याच्या झाकणावर लोक पेले ठेवत, त्यामुळे झाकणभर पांढरी वर्तुळं उमटली होती. वाजवत कुणीच नव्हतं. त्या ऑक्टोबरात अर्मिंडाबाई आल्या आणि त्यांनी झाकण उघडलं.

अर्मिंडाबाई मूळच्या गोव्याच्या, वाढल्या मुंबईत, शिकल्या युरोपात. पस्तिशीच्या, आखूड केसांच्या, हाताची नखं कापून अगदी मांसाला भिडलेली. त्यांची बहीण आमच्या ओळीत राहायची, तिच्याकडे त्या दीड महिना राहणार होत्या. क्लबवाल्यांनी विचारलं, "आमच्यासाठी एक संध्याकाळ वाजवाल?" त्या म्हणाल्या, "वाजवीन. पण जे मी सध्या बसवतेय तेच वाजवीन." सध्या त्या जे बसवत होत्या ती हयात असलेल्या एका संगीतकाराची, एकट्या पियानोसाठी लिहिलेली रचना होती. वीस मिनिटांची. तिचं नाव आमच्यापैकी कुणालाच उच्चारता येत नव्हतं. तिची वही मी पाहिली आहे: काळे ठिपके इतके दाट, की मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं पान दिसायचं.

पण पियानो बेसूर. खारट हवा, उन्हाळाभर सकाळी चालू आणि रात्री बंद होणारा हॉलचा एसी, लाकूड फुगतंय नि आक्रसतंय. दोह्यातही सूर लावणारा मिळेना. बाबा जेवताना सहज म्हणाले, "आपल्या सुतारशाळेतला मेस्त्री पेटी लावतो. कॅम्पातल्या शुक्रवारच्या भजनाची त्यानेच लावलीय. कोमट पाण्यासारखी गोड वाजते."

असे मेस्त्री आमच्या गोष्टीत आले. कुडाळकडचे, पंचेचाळिशीचे. घराण्यात तीन पिढ्या पेट्या बनवायच्या नि दुरुस्त करायच्या. इथे आठ वर्षं दरवाजे आणि खोकी. मी त्यांना क्लबात घेऊन गेले कारण बाबांना दुपारची ड्यूटी होती आणि मला काहीच ड्यूटी नव्हती. त्यांनी पियानोचं पोट उघडलं, आत तारांचं आणि हातोड्यांचं ते जंगल बघितलं.

"ही पेटी नाय गो बाय," ते म्हणाले. "हो पेटयेचो आजो."

आणि आजोबांच्या पाया पडावं तसा त्यांनी लाकडाला हात लावून कपाळाला लावला.

पियानोच्या बाकाच्या खणात सूर लावायची किल्ली सापडली. चार दुपारी ते खुंट्या पिळत होते. अर्मिंडाबाईंनी म्हटलं होतं, त्यांना त्यांच्या पद्धतीने करू द्या, मधे बोलू नका. पाचव्या दुपारी त्या येऊन बसल्या. मेस्त्री घाम पुसत म्हणाले, "बाय, काळी एक धरा. आनि वाजवा." बाईंनी पहिली काळी पट्टी धरून एक संथ, साधा तुकडा वाजवला. मी पियानो कळणारी नव्हे, आजही नाही. पण ते इतकं गोड होतं, की दाराशी पोछा मारणारा बंगाली माणूस पोछा हातात तसाच धरून थांबला. तारा एकमेकींत विरघळत होत्या.

मग बाईंनी तोच तुकडा एक पट्टी सरकवून वाजवला.

काय सांगू! गल्लीत दोन बोके एकमेकांवर धावून जावेत तसा आवाज. बाई मान मागे टाकून हसल्या, आणि मेस्त्रींचा चेहरा एवढासा झाला.

चूक काय झाली होती, ते त्या दोघांनी आपापल्या कोंकणीत बोलून काढलं. मला अर्धं कळत होतं. मेस्त्रींनी पेटी लावतात तसा पियानो लावला होता. आधी सा धरायचा, मग एकेक स्वर त्या सा-शी जुळवत जायचा, कानाला साखर लागेपर्यंत. कॅम्पातल्या भजनाचा सा काळी एक, म्हणून काळी एक. तिथून बघाल तर सगळं स्वर्ग. दुसऱ्या कुठूनही बघाल तर बोके.

"पुण हातूंत सा ना मरे, मेस्त्री," बाई वहीवर बोट ठेवून म्हणाल्या. या रचनेत सा नाहीच. बारा सूर, बाराही सारखे. कुठूनही निघायचं, कुठेही जायचं.

मेस्त्री त्या मुंग्यांकडे बघत राहिले. "सा नाय? मगे मानूस घराक खंय येतलो?"

बाईंनी वही मिटली. "येना," त्या म्हणाल्या. "भायरूच भोंवता."

बाहेरच फिरतो. मेस्त्रींची तर आठ वर्षं तशीच कॅम्पात गेली होती. ते किल्ली उचलून पुन्हा कामाला लागले.

या वेळी बाई शेजारी बसल्या. प्रत्येक पंचम किंचित, अगदी केसभर उतरवायचा. दोन तारा एकत्र वाजवल्या की त्यांच्यात एक मंद लाट उठते, ती लाट मोजायची आणि बरोबर तेवढीच ठेवायची. पुरती मिटवायची नाही. आयुष्यभर लाट मिटवणं हेच ज्याचं कसब, त्याला ती मुद्दाम राखायला सांगणं म्हणजे सुताराला सांगणं की सगळ्या फळ्यांमध्ये थोडी थोडी फट ठेव. मेस्त्री दात-ओठ खात होते. एका जागी तर हात आपसूक सूर गोड करून बसला, आणि ते स्वतःच ओरडले, "मेलो! परत गोड झालो!"

मला मात्र भरून आलं होतं. "मेस्त्री, ही समता आहे!" मी बाकावरून उठूनच म्हणाले. "एका सुराची मालकी नाही. बाराही समान!"

मेस्त्रींनी किल्लीवरून नजर काढली नाही. "सगळे सारके म्हंजे सगळेच जरा जरा बेसूर?"

मी बाकावर परत बसले. ते मात्र खुंटी पिळता पिळता थोड्या वेळाने आपणच म्हणाले, "पन बरां असा. एकट्यान बेसूर ऱ्हवन्यापरीस."

त्यानंतरचे दिवस आठवले की माझ्या तोंडात अजून मिठाची आणि पुदिन्याच्या चहाची चव येते. दुपारभर बाई सराव करत, मेस्त्री काम संपवून चारला येत आणि हललेल्या तारा सावरत, आणि मी बाकावर मांडी घालून बसे. ती रचना एकाच सुराने सुरू व्हायची. मधली एक पट्टी, दोन्ही हातांची बोटं आळीपाळीने तिच्यावर, संथपासून अशक्य वेगापर्यंत. मग त्या एका सुरातून दोन्हीकडे सूर फुटत जायचे, जाळं समुद्रात फेकताना पसरतं तसे. पुढे डावा हात एका चालीत, उजवा दुसऱ्याच, दोघांची गाठ क्वचित पडायची, आणि पडली की बाई स्वतःशी मान डोलवायच्या. एका जागी त्या कोपरापासून अख्खा हात पट्ट्यांवर टाकत. पहिल्यांदा तो आवाज ऐकून मेस्त्री "आवशीक!" म्हणून उभेच राहिले होते, त्यांना वाटलं बाईंना चक्कर आली. आठव्या दिवशी तेच मला सांगत होते, "आता बग हां, आता हात घालतली."

संगीत मला कळलं असं मी म्हणणार नाही. पण त्याचा राग मला कळत होता. तो राग कुणावर नव्हता. तो निव्वळ ताकदीचा होता, पोहणाऱ्याचा लाटेवर असतो तसला. मला तोवर एकच राग माहीत होता, ज्याला पत्ता लागतो. रागात इतकं सुख असू शकतं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

एक अडचण होती. ती मधली पट्टी, जिच्यावर सगळं सुरू होतं, तीच दमट दिवशी अडकायची. खाली जायची आणि वर यायला कुरकुरायची. समुद्राकडून वारा असला की अडकायची, उत्तरेचा असला की मोकळी. म्हणून मेस्त्री रोज संध्याकाळी क्लबाच्या पायरीवर उभे राहून बोट ओलं करून वारा बघायचे. "अजून दर्याचोच," म्हणायचे आणि मान हलवायचे.

आणि मग क्लबाच्या दारावर सूचना लागली. अमुक दिवशी, संध्याकाळी साडेचार, पियानोवादन. खाली ठळक अक्षरांत: फक्त वरिष्ठ कर्मचारी व त्यांचे कुटुंबीय.

मी खरंच मूर्ख, कारण मी ती वाचली आणि मला काहीच खटकलं नाही. मी मेस्त्रींना विचारलं, "तुम्ही त्या दिवशी काय घालणार? पांढरा सदरा आहे?"

"मी?" ते हसले. "मी खंयचो? माका हत्यारां घेवन मागल्या दारान येवक मिळता. रिकाम्या हातान नाय."

पुढचे दोन तास मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. पहिल्या वाक्यात शिवी नको हा नियम मी त्या दिवशी मोडला. ज्याने त्या मेलेल्या लाकडात जीव घातला, ज्याने आपल्या कानाची तीन पिढ्यांची सवय मोडून बारा सूर सारखे केले, तो माणूस ते ऐकणार नाही. आणि झाकणावर पेले ठेवणारे ऐकणार! रात्रीच्या जेवणाला मी बाबांना विचारलं, तुम्ही गप्प कसे? बाबा म्हणाले, "नियम आहे, वृंदा." मी म्हणाले, "म्हणूनच विचारतेय."

मी पत्रक लिहिलं. कार्बन लावून, एका वेळी पाच प्रती, बोटं निळी होईपर्यंत चाळीस प्रती. इंग्रजीत. मागणी एकच: ज्यांच्या हातांनी ही वसाहत उभी आहे त्यांना हॉलचं पुढचं दार उघडा. वादनाच्या संध्याकाळी दारात उभं राहून वाटायचं ठरवलं. आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या अभिमानाने एक प्रत मेस्त्रींना मराठीत वाचून दाखवली.

त्यांनी पुरतं ऐकून घेतलं. "बरां लिवलंस," ते म्हणाले. "पन ह्या वाचून ते काय करतले? माका आत घेतले? नाय. माका विमानात घालतले. मगे मी आयकू कसो?"

"पण हा अन्याय आहे, मेस्त्री!"

"असा मां. मी खंय नाय म्हनतंय?" ते शांतपणे म्हणाले. "तू माका न्याय मागसून दी. आधी माका आयकूक दी. सगळा एकदम, सुरवातीपासून शेवटापरयंत, मधे कोन थांबनार नाय असां. तेवढांच व्हया माका."

मी चिडून म्हणाले, "तुम्ही घाबरता."

"घाबरतंय," ते म्हणाले. "आनि तू नाय घाबरत, कित्या? तुझ्या वाट्याचां तुझो बापूस घाबरता, म्हनान."

हे वाक्य मला लागलं. लागलं, बसलं, आणि अजून तिथेच आहे.

मेस्त्री पट्टीच्या कामाला लागले. पट्टी त्यांनी मोकळी केली होती, पण आता ती शेजारणींपेक्षा केसभर खाली बसत होती. तिच्याखाली पातळ कागदाची चकती हवी होती. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या हातातल्या प्रतीकडे हात केला. "हो कागद बरो पातळ असा. दी." कात्रीने त्यांनी माझ्या पत्रकातून बोटाच्या पेराएवढी चकती कापली, मधे भोक पाडलं, आणि पट्टीखाली सरकवली. पट्टी बरोबर ओळीत आली. चकतीवर माझे कुठले शब्द गेले ते मी रागाच्या भरात पाहिलंही नाही.

अर्मिंडाबाईंना मी सगळं सांगितलं. त्या सरळ क्लबाच्या सेक्रेटरीकडे गेल्या. हा एक उन्हाने मान लाल झालेला, सभ्य, घाईतला साहेब. मी आणि मेस्त्री दाराशी होतो. बाई म्हणाल्या, पहिली पट्टी कधीही अडकेल, सूर लावणारा माणूस माझ्या शेजारी बसला पाहिजे, नाहीतर मी वाजवणार नाही. साहेबाने विचार केला. म्हणाला, ठीक आहे, हत्यारांची पेटी घेऊन बसेल. म्हणजे मेस्त्रींना माणूस म्हणून नाही, पियानोचा एक भाग म्हणून प्रवेश! मी तिथेच तोंड उघडणार होते, पण बाईंनी माझा दंड असा धरला की त्या बोटांत वीस मिनिटांची रचना कशी मावते ते मला कळलं.

मग मेस्त्री पुढे झाले. टोपी हातात, मान खाली. हिंदीत म्हणाले, "साब, एक अर्ज है. उस दिन दोपहर से एसी बंद चाहिए, और सब खिडकी खुली. लकडी को हवा लगना मंगता. नहीं तो सुर की गॅरंटी नहीं."

"एसी बंद?" साहेब कळवळला.

"लकडी का सवाल है, साब," मेस्त्री म्हणाले.

बाईंनी भुवया उंचावल्या, मेस्त्रींकडे पाहिलं, आणि अत्यंत गंभीरपणे मान डोलावली.

तीन दिवस वारा दर्याचाच होता. खिडक्या उघडून दमट हवा आत आली असती तर पट्टी अडकणार, आणि पहिल्याच सुराला सगळं संपणार. मेस्त्री जेवत नव्हते असं बाबा सांगत आले. वादनाच्या दिवशी सकाळी मी उठले आणि अंगणातल्या दोरीवरचे कपडे आडवे फडफडत होते. उत्तरेचा! मी चप्पल न घालता क्लबापर्यंत धावले. मेस्त्री पायरीवर बोट वर करून उभे होते. डोळे मिटलेले. "इलो," ते म्हणाले, पाहुणा आल्यासारखे.

साडेचारला ऊन तिरपं होऊन हॉलमध्ये पसरलं होतं. खिडक्या सगळ्या उघड्या, पडदे आत उडत होते. एसी नव्हता, त्यामुळे लोक दबक्या आवाजात बोलत होते. कित्येक महिन्यांनी स्वतःचा आवाज ऐकून जरा बिचकल्यासारखे. मेस्त्री आले ते पांढऱ्या सदऱ्यात, कडक इस्त्री, हातात हत्यारांची पेटी. पेटी पायाशी ठेवून ते पियानोच्या पोटाशी स्टुलावर बसले. सगळ्या हॉलमध्ये तारांच्या इतक्या जवळ कुणीच नव्हतं. माझ्या पर्समध्ये एकोणचाळीस पत्रकं होती. बाबा शेजारी, गुडघ्यांवर हात ठेवून, परीक्षेला बसल्यासारखे.

बाईंनी तो एक सूर लावला. हळू. पुन्हा. पुन्हा. मी श्वास धरून पट्टीकडे बघत होते. ती खाली जात होती आणि वर येत होती, खाली, वर, आणि मग मला ती दिसेनाशीच झाली, इतकी बोटं तिच्यावर. अडकली नाही! मेस्त्रींचा अंगठा गुडघ्यावर ताल धरून होता. सूर फुटले, पसरले, डावा हात एका दिशेला गेला, उजवा दुसऱ्या, आणि मधे कुठे घर नाही, कुठे परत यायचं नाही, नुसता वेग, नुसती मोकळीक. पुढच्या रांगेतल्या एक बाई पर्स घट्ट धरून बसल्या. "आता हात घालतली," मी ओठांत म्हणाले, आणि त्याच क्षणी मेस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. धडाम्! हॉलभर खुर्च्या करकरल्या आणि आम्ही दोघं हसत होतो.

तेव्हा माझं लक्ष खिडक्यांकडे गेलं.

बाहेर माणसं होती. आधी मला चार दिसली, मग चाळीस, मग मोजता येईनात. चारला पाळी सुटते, कारखान्यातून कॅम्पाकडे जाणाऱ्या बसेस क्लबावरूनच जातात. एक बस थांबलेली, तिच्यामागे दुसरी, इंजिनं बंद. निळ्या कपड्यातले वेल्डर, फिटर, क्लबाचेच स्वयंपाकी, सुतारशाळेतले सगळे. खिडक्यांशी, वाळूत, बसच्या टपावर. कुणी बोलत नव्हतं. दारावरच्या सूचनेत खिडक्यांबद्दल एक अक्षर नव्हतं.

शेवटी बाईंचे हात दोन टोकांना गेले, एक सर्वांत खालचा सूर आणि एक सर्वांत वरचा, आणि ते विरेपर्यंत त्या हलल्या नाहीत. एसी नसलेली शांतता. हॉलमधल्यांना कळेना, संपलं का? टाळ्या वाजवायच्या का? ते एकमेकांकडे बघत असताना बाहेरून कुणीतरी अरबीत खणखणीत दाद दिली, "वल्ला!" आणि मग बसच्या टपावरून, वाळूतून, खिडक्यांतून टाळ्यांचा असा काही लोट आला, की आतल्यांना मागून सामील व्हावं लागलं. बाबासुद्धा उभे राहून वाजवत होते. अर्मिंडाबाईंनी हॉलला वाकून नमस्कार केला, मग वळून खिडक्यांना केला. खिडक्यांना जरा जास्तच वाकून.

पत्रकं मी वाटली नाहीत. माझी पर्स बंद होती आणि हात टाळ्या वाजवत होते.

हॉल रिकामा झाल्यावर मेस्त्री एकेक तार छेडून बघत होते. मी विचारलं, "मेस्त्री, खरं सांगा. पियानोला खिडक्या उघड्या लागतात?"

"पियानोक?" ते तारेवरून मान वर न करता म्हणाले. "छे गो. पियानोक एसीच बरो. सारको थंड, सारको सुको. ह्या वाऱ्यान सगळो हलवलो. आता परत चार दिस लावूचो."

"मग?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आमच्या गटातल्या ताई बघायच्या, मी पत्रकात दोन मागण्या घातल्या की.

"मगे काय? माका एकट्याक स्टूल गावला. बाकीच्यांका?"

मेस्त्री दोन वर्षांनी कुडाळला परतले. अर्मिंडाबाईंचं एकदा कार्ड आलं होतं. मी पुण्याला जाऊन शिक्षण पुरं केलं, परत आले, दोह्यात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी कॅम्पातल्या लोकांचे अर्ज लिहून देते. क्लबाच्या दारावर ती सूचना अजून लागते, शब्द तेच. तो नियम तेव्हा चुकीचा होता, आज चुकीचा आहे, आणि मी तो विसरलेली नाही. एकोणचाळीस प्रती अजून माझ्याकडे आहेत. चाळिसावीतला एक गोल तुकडा पट्टीखाली काम करतोय. माझ्या लिखाणापैकी तेवढंच आत पोचलं.

काल एसी बंद केल्यावर मी अर्ज लिहायला बसले. मग उठले. आधी सगळ्या खिडक्या उघडल्या.